विभूतिपूजा, लोकशाही आणि आपली चळवळ

१

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी जे भाषण केले, त्याचा एक भाग आपल्या प्रत्येक सभेत ऐकायला मिळतो. २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता मान्य करून सामाजिक आणि आर्थिक जीवनात ती नाकारत राहणार आहोत, हा तो भाग. कार्यकर्त्यांना तो पाठ आहे आणि असलाच पाहिजे. परंतु याच भाषणात, या भागाच्या अगोदर, बाबासाहेबांनी आणखी एक इशारा दिला होता. त्याचा उच्चार आपल्या व्यासपीठांवरून फार क्वचित होतो. का होत नाही, हाच या लेखाचा विषय आहे.

लोकशाही टिकवायची असेल तर तीन गोष्टी केल्या पाहिजेत, असे बाबासाहेबांनी सांगितले. पहिली, सामाजिक व आर्थिक उद्दिष्टांसाठी घटनात्मक मार्ग धरणे. तिसरी, राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीची जोड देणे. या दोहोंच्या मध्ये त्यांनी जॉन स्टुअर्ट मिलचा आधार घेऊन बजावले की माणूस कितीही थोर असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका, आणि संस्था उलथून पाडता येतील एवढे अधिकार त्याच्या हाती देऊ नका. देशासाठी आयुष्य वेचलेल्यांविषयी कृतज्ञ असावे, पण कृतज्ञतेलाही मर्यादा असते, हे सांगताना त्यांनी आयर्लंडच्या डॅनियल ओकॉनेलचा दाखला दिला. पुढे ते म्हणाले की भारताला या इशाऱ्याची गरज इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त आहे, कारण येथे राजकारणात भक्तीचा जेवढा वाटा आहे तेवढा जगात कोठेही नाही. धर्मात भक्ती हा आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल. राजकारणात मात्र ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते.

हा विचार त्यांना त्या दिवशी सुचलेला नव्हता. त्याआधी जवळजवळ सात वर्षे, १८ जानेवारी १९४३ रोजी, न्यायमूर्ती रानड्यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त पुण्याच्या गोखले स्मारक मंदिरात डेक्कन सभेच्या निमंत्रणावरून त्यांनी व्याख्यान दिले. ‘रानडे, गांधी आणि जिना’ या नावाने ते पुढे प्रसिद्ध झाले. थोर पुरुष कोणाला म्हणावे, वृत्तपत्रे थोर पुरुष कसे घडवितात, आणि दोन नेत्यांच्या अहंकारात सबंध देशाचे राजकारण कसे अडकून पडते, याची चिकित्सा तेथे आहे. त्यात त्यांनी केलेला एक भेद फार मोलाचा आहे. थोर माणसाविषयी मनापासून आदर व्यक्त करणे ही एक गोष्ट, आणि त्याची आज्ञा म्हणून डोके बाजूला ठेवून वागणे ही दुसरी. पहिलीत काही वावगे नाही. दुसरी माणसाची बुद्धी नष्ट करते आणि समाजाला घातक ठरते.

आदर आणि आज्ञापालन यांतला हा भेद हाती धरून स्वातंत्र्यानंतरच्या राजकारणाकडे पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. पक्ष एका माणसाच्या मुठीत गेला की नुकसान सर्वांचेच होते, पण सारखे होत नाही. ज्याच्यापाशी जमीन आहे, साखर कारखाना आहे, सोयऱ्याधायऱ्यांचे जाळे आहे, त्याला पक्षाची घटना नसली तरी चालते. तो उद्या दुसऱ्या नेत्याशी सौदा करतो. ज्याच्यापाशी एक मत आणि चार माणसांची संघटना याखेरीज काहीही नाही, त्याचे मात्र सर्वस्व जाते.

२

स्वतंत्र भारतात व्यक्तिप्रधान राजकारणाची सुरुवात इंदिरा गांधींपासून झाली असे मानण्याची पद्धत आहे. ते अर्धसत्य आहे. नेहरूंना हा धोका ठाऊक होता. १९३७ साली ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात ‘चाणक्य’ या टोपणनावाने त्यांनी स्वतःविरुद्धच लेख लिहिला आणि जवाहरलाल नावाच्या या लोकप्रिय माणसात हुकूमशहा होण्याची बीजे आहेत, असे वाचकांना सावध केले. परंतु १९५१ साली काँग्रेसचे निवडून आलेले अध्यक्ष पुरुषोत्तमदास टंडन यांच्याशी बेबनाव झाला, तेव्हा टंडनांना पायउतार व्हावे लागले आणि पंतप्रधान असतानाच नेहरू पक्षाचेही अध्यक्ष झाले. टंडनांचे राजकारण प्रतिगामी होते, यात शंका नाही. पण पक्षाध्यक्षाने पंतप्रधानाला जाब विचारण्याची वाट त्या दिवशी अरुंद झाली, हेही तितकेच खरे.

इंदिरा गांधींनी ती वाट बंदच केली. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. ऑगस्टमध्ये राष्ट्रपतिपदासाठी पक्षाचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी असताना ‘सद्सद्विवेकबुद्धीने’ मत देण्याचे आवाहन करून त्यांनी व्ही. व्ही. गिरी यांच्या विजयाला हातभार लावला. नोव्हेंबरमध्ये पक्षाध्यक्ष निजलिंगप्पांनी त्यांना काँग्रेसमधून काढून टाकले आणि पक्ष फुटला. मार्च १९७१ च्या मध्यावधी निवडणुकीत विरोधकांनी ‘इंदिरा हटाव’ म्हटले, त्यांनी ‘गरिबी हटाव’ म्हटले आणि ३५२ जागा जिंकल्या. प्रथमच लोकसभेची निवडणूक बहुतेक राज्यांच्या विधानसभांपासून वेगळी झाली. गावचा आमदार, जिल्ह्याचा पुढारी, स्थानिक गाऱ्हाणी हे सारे बाजूला पडले आणि देशभराच्या मतदारापुढे एक चेहरा उभा राहिला.

आपल्या लोकांनी तेव्हा त्यांना भरभरून मते दिली. त्यांना भोळे ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्या जुन्या पुढाऱ्यांना इंदिरा गांधींनी झुगारले, ते काही दलितांचे मित्र नव्हते. त्यांच्या जिल्हा कमिट्या जमीनदारांच्या आणि सावकारांच्या वाड्यांत भरत. त्या वाड्याच्या डोक्यावरून कोणी थेट महारवाड्याशी, चांभारवाड्याशी बोलत असेल, तर महारवाड्याने ते का ऐकू नये? मत देण्यात चूक झाली नाही. मत दिल्यानंतर कार्यक्रम राबविणारी यंत्रणा कोणाची, हा प्रश्न कोणी विचारला नाही, चूक तेथे झाली. वाडा होता तेथेच राहिला. फक्त त्याच्या दिवाणखान्यात नवी तसबीर लागली.

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरविली आणि २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली. काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बारुआ यांची ‘इंदिरा म्हणजेच इंडिया’ ही घोषणा याच काळातली. ऑगस्टमध्ये ३९ वी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली. एका व्यक्तीच्या खटल्यासाठी देशाची राज्यघटना बदलली गेली. बाबासाहेब ज्या गोष्टीविषयी बोलत होते ती हीच होती. त्या दुरुस्तीचा हा भाग नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला खरा. पण एप्रिल १९७६ मध्ये त्याच न्यायालयाने बहुमताने असा निकाल दिला की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी विरोधी निकाल लिहिला, आणि पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलले गेले.

याच काळात वेठबिगारी रद्द झाली, वीस कलमी कार्यक्रम जाहीर झाला, भूमिहीनांना जमिनीचे तुकडे मिळाले. हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु याच काळात, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सरकारी नोकराला, शिक्षकाला माणसे आणण्याचा कोटा ठरवून दिला, की तो कोटा कोणत्या वस्तीतून पुरा होतो हे सांगायला नको. जे दिले गेले ते वरून मर्जीने दिले गेले आणि जे काढून घेतले गेले तेही वरूनच. मध्ये तक्रार घेऊन जावे अशी पक्षाची एकही पायरी उरली नव्हती. काँग्रेसमध्ये १९७२ नंतर संघटनात्मक निवडणुका झाल्या त्या थेट १९९२ साली.

विरोधकांची तऱ्हा याहून फार निराळी नव्हती. १९७७ साली जनता पक्ष निवडून आला, पण त्याच्या खासदारांनी मतदान करून पंतप्रधान निवडला नाही. जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी या दोन वडीलधाऱ्यांवर निवड सोपविली गेली आणि त्यांनी मोरारजी देसाईंचे नाव सांगितले. पंतप्रधानपदासाठी ज्यांच्या नावाची गंभीर चर्चा होती, त्यांत जगजीवनराम होते. मतदान झाले असते तर काय झाले असते, हे सांगता येणार नाही. ते झाले नाही, एवढी नोंद इतिहासाने करून ठेवली आहे.

जगजीवनराम यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९६९ च्या फुटीनंतर इंदिरा गांधींच्या काँग्रेसचे अध्यक्ष तेच झाले. जुलै १९७५ मध्ये लोकसभेत आणीबाणीच्या मान्यतेचा ठराव त्यांनीच मांडला. फेब्रुवारी १९७७ मध्ये ते बाहेर पडले आणि काँग्रेस फॉर डेमॉक्रसी स्थापन केली. अनेक वर्षे मंत्रिपदे सांभाळलेला हा कर्तबगार दलित नेता आधी एका व्यक्तीच्या आणि मग दोन व्यक्तींच्या मर्जीवर अवलंबून राहिला. जेथे नियम नसतात तेथे अनुभव आणि योग्यता यांचे वजन कोठे टाकायचे, हेच कळत नाही.

याच वर्षी मे महिन्यात बिहारमधील बेलछी गावी अकरा माणसांना मारून जाळण्यात आले. त्यांतले आठ दलित होते. ऑगस्टमध्ये सत्तेबाहेर गेलेल्या इंदिरा गांधी तेथे पोहोचल्या. पावसाने वाटा बुडाल्या होत्या, म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी हत्तीवरून पार केला. आज बेलछी म्हटले की तो हत्ती आठवतो. इंदिरा गांधींच्या पुनरागमनाची कथा तेथून सुरू होते, असे चरित्रकार लिहितात. ज्यांना जाळले त्यांच्या जमिनीचे, मजुरीचे, खटल्याचे काय झाले, हे त्या कथेत येत नाही. राजकारण व्यक्तीभोवती फिरू लागले की आपले मरणसुद्धा कोणाच्या तरी चरित्रातला एक प्रसंग होऊन बसते.

३

महाराष्ट्रात या पद्धतीने काय केले, ते मुख्यमंत्र्यांची यादी सांगते. जून १९८० ते जून १९८८ या आठ वर्षांत अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा पाटील, निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार असे सहा मुख्यमंत्री झाले. आमदारांनी जमायचे, दिल्लीहून निरीक्षक यायचे, आणि निवडीचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना देणारा एका ओळीचा ठराव मंजूर करून पांगायचे, हा शिरस्ता पडला. ‘दिल्लीवारी’ हा शब्द मराठीत रुळला तो याच रीतीमुळे. अंतुल्यांना जानेवारी १९८२ मध्ये जावे लागले ते सिमेंटच्या वाटपाशी निगडित देणग्यांच्या प्रकरणात, आणि त्यांतल्या एका प्रतिष्ठानाला नाव इंदिरा गांधींचे दिलेले होते.

सवर्ण आमदार दिल्लीहून परत आला तरी त्याचा कारखाना, बँक, शिक्षण संस्था जागेवर असते. राखीव मतदारसंघातल्या आमदाराची गोष्ट वेगळी आहे, आणि तिची मुळे २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात आहेत. त्या कराराने संयुक्त मतदारसंघ आला, हे आपण नेहमी सांगतो. परंतु त्यातच प्राथमिक निवडणुकीची तरतूद होती. राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी आधी स्वतंत्र मतदान करून चार उमेदवारांची यादी निवडायची आणि मग त्या चौघांतून सर्व मतदारांनी एकाला निवडायचे. ही व्यवस्था बाबासाहेबांना पुरेशी वाटत नव्हती, आणि ती होतीही तोकडी. पण उमेदवार कोण, हे ठरविण्यात अस्पृश्य मतदाराचा काही हात होता. तिची मुदत दहा वर्षांची होती, आणि स्वतंत्र भारताच्या घटनेत राखीव जागा आल्या, प्राथमिक निवडणूक आली नाही.

मग पहिली चाळणी कोण लावू लागले? पक्षाचे तिकीट वाटणारे. तिकीट जिल्हा कमिटीत ठरत असे तेव्हा निदान चार ठिकाणी भांडता येत असे. ते एका बंगल्यावर ठरू लागले तेव्हा राखीव जागेचा उमेदवार दुहेरी परावलंबी झाला. निवडून येण्यासाठी सवर्ण मते हवीत, उभे राहण्यासाठी नेत्याची मर्जी हवी. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली आणि पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ लागले. घोडेबाजार थांबविण्यासाठी केलेला हा कायदा घोडेबाजार थांबवू शकला नाही, हे आपण पाहतोच. सभागृहात तोंड उघडू पाहणाऱ्या एकट्यादुकट्या सदस्याचे तोंड मात्र त्याने बंद केले. अत्याचार होतो तेव्हा आपले राखीव खासदार-आमदार गप्प का, असे आपण संतापाने विचारतो. त्यांचा भित्रेपणा असेलही. पण त्यांच्या गप्प बसण्यामागे असलेली ही यंत्रणाही समजून घेतली पाहिजे.

४

येथवर दुसऱ्यांचे सांगितले. आता आपल्या घरात यावे लागेल.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षात बाबासाहेब स्वतःमागे उभा राहू शकेल असा पक्ष बांधण्याच्या प्रयत्नात होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन विसर्जित करून सर्वांना खुला असलेला रिपब्लिकन पक्ष काढावा, असा त्यांचा विचार होता. डॉ. लोहियांशी पत्रव्यवहार सुरू होता. राजकारणात येणाऱ्या तरुणांसाठी त्यांनी १९५६ मध्ये मुंबईत एक प्रशिक्षण विद्यालयही सुरू केले. नेता जन्मावा लागतो असे मानणारा माणूस असे विद्यालय काढत नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते गेले आणि ते विद्यालयही फार काळ चालले नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली, एन. शिवराज अध्यक्ष झाले.

दोन वर्षांत पक्ष फुटला. एका बाजूला दादासाहेब गायकवाड, दुसऱ्या बाजूला बी. सी. कांबळे, एक ‘नादुरुस्त’, एक ‘दुरुस्त’. वादाचे मुद्दे खरे होते. भूमिहीनांचा प्रश्न रस्त्यावर उतरून सोडवायचा की सभागृहातून? कम्युनिस्टांबरोबर जायचे की नाही? इंग्रजी शिकलेल्या वकील-पदवीधर तरुणांनी पुढारीपण करायचे की काळाराम मंदिराच्या सत्याग्रहापासून गावोगाव राबलेल्या जुन्यांनी? कोणत्याही जिवंत पक्षात असे वाद होतात, व्हायलाच हवेत. ते अधिवेशनात मांडले जातात, मतदान होते, हरलेला पक्षातच राहून पुढच्या अधिवेशनाची तयारी करतो.

आपल्याकडे ते तसे झाले नाही. ‘बाबासाहेबांना काय अभिप्रेत होते’ या एका प्रश्नावर प्रत्येक वाद आणून ठेवला गेला. एकाने त्यांच्या घटनावादाचे वचन काढले, दुसऱ्याने महाडचा दाखला दिला. बाबासाहेब उत्तर द्यायला नव्हते. मग जो त्यांचा अर्थ सांगेल तो खरा अनुयायी आणि दुसरा गद्दार, एवढेच उरले. ज्या माणसाने सांगितले की आज्ञा म्हणून कोणाचेही ऐकू नका, त्याच्याच नावाने आपण एकमेकांना आज्ञा सोडू लागलो. बहुमताने ठरवायची गोष्ट निष्ठेने ठरवायची झाली, आणि निष्ठेचे मोजमाप करायला कोणतीच मतपेटी नसते.

संघटना काय करू शकते, हेही याच पक्षाने दाखविले आहे. १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. स्त्रिया पोरे कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या. माणसे लाखांच्या संख्येने पकडली गेली. स्वतंत्र भारतात जमिनीसाठी झालेल्या मोठ्या लढ्यांत त्याची गणना व्हायला हवी. त्या लढ्यापूर्वी १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान शास्त्रींना जे मागणीपत्र दिले, त्यात कसेल त्याला जमीन, पडीक जमिनीचे वाटप, किमान वेतन, बौद्धांना सवलती अशा मागण्या होत्या. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे, हीही एक होती. १९९० साली ते चित्र लागले. त्याच वर्षी भारतरत्न मिळाले आणि बौद्धांच्या सवलतींचा कायदाही झाला. जमिनीची मागणी तशीच राहिली. चित्राची मागणी चुकीची होती असे मी म्हणणार नाही. ज्या सभागृहात आपल्या माणसाला जागा नाकारली जात होती, तेथे ते चित्र हवेच होते. मराठवाड्यात नामांतरासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे माणसे झुंजली, घरे जळाली, जीव गेले. ती व्यक्तिपूजा नव्हती, ते नागरिकत्वाचे भांडण होते. परंतु राज्यकर्ते चित्र, नाव, पुतळा अखेरीस देतात आणि जमीन देत नाहीत, यातून आपण काही शिकलो का?

१९६७ मध्ये गायकवाड गटाने काँग्रेसशी समझोता केला. १९७१ च्या डिसेंबरात दादासाहेब गेले. त्यानंतर खोब्रागडे गट, गवई गट, कांबळे गट ही नावे वर्तमानपत्रांत रूढ झाली. आमचा पक्ष जगातल्या अशा मोजक्या पक्षांपैकी असेल, ज्याचे नाव कंसात माणसाचे नाव घातल्याशिवाय पुरे होत नाही.

या निष्क्रियतेच्या संतापातून १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली. गावोगावचे पोरगेसोरगे स्वतःहून छावण्या काढीत होते. मुंबईची परवानगी कोणी विचारीत नव्हते. पण सदस्यत्वाची नोंद, निवडलेली कार्यकारिणी, निर्णयाची रीत यांपैकी काहीच पक्के झाले नाही. राजा ढाले आणि नामदेव ढसाळ यांच्यात मार्क्सवाद आणि बुद्ध यांवरून जो वाद झाला, तो वैचारिकदृष्ट्या महत्त्वाचा होता. तो दोन माणसांचा झाला आणि १९७४ मध्ये संघटना दुभंगली. आणीबाणीत ढसाळांनी इंदिरा गांधींवर ‘प्रियदर्शिनी’ ही दीर्घ कविता लिहिली. १९७७ मध्ये ढाल्यांनी पँथर बरखास्त केली. गावच्या छावणीतल्या पोराला यांपैकी एकाही गोष्टीबद्दल कोणी विचारले नव्हते.

१९९८ ची लोकसभा निवडणूक याचा उलटा दाखला देते. रिपब्लिकन एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई व जोगेंद्र कवाडे असे चौघे एकाच वेळी निवडून आले, तेही खुल्या मतदारसंघांतून. वस्त्यावस्त्यांतून माणसे रस्त्यावर येऊन नाचली. पुढच्या वर्षीची निवडणूक येईपर्यंत एकी संपलेली होती. ती का संपली, कोणाचा दोष किती, यावर चार मते आहेत. एकी करताना समाजाला विचारले नव्हते आणि मोडतानाही विचारले नाही, यावर मात्र दुमत होण्याचे कारण नाही.

५

कांशीराम पुण्यात नोकरीला असताना चळवळीत आले. रिपब्लिकन पक्षाची वाताहत त्यांनी जवळून पाहिली आणि म्हणूनच आधी बामसेफसारखी कर्मचाऱ्यांची संघटना बांधली, मग १४ एप्रिल १९८४ रोजी बहुजन समाज पक्ष काढला. २००७ मध्ये उत्तर प्रदेशात या पक्षाने स्वतःच्या बळावर २०६ जागा जिंकल्या. एका दलित स्त्रीने देशातल्या सर्वांत मोठ्या राज्यावर पूर्ण मुदत राज्य केले. या यशाला कमी लेखणारा आपला शत्रूच म्हटला पाहिजे. पण २००१ मध्ये कांशीरामांनी जाहीर सभेत मायावतींना आपला वारस घोषित केले, तेव्हा पक्षाच्या कोणत्याही मंडळाने मतदान केलेले नव्हते. आणि त्यानंतर पक्षात दुसरी फळी उभीच राहू शकली नाही. २०२२ च्या विधानसभेत एक जागा, २०२४ च्या लोकसभेत शून्य. मते लाखांनी मिळाली, ती एकत्र धरून ठेवणारी माणसे खाली उरलेली नव्हती.

गेल्या दहा-बारा वर्षांत हीच रीत सर्वत्र पसरली आहे. २०१४ मध्ये पक्षाच्या नव्हे, नेत्याच्या सरकारसाठी मते मागितली गेली. २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षाचा जाहीरनामाच ‘मोदी की गॅरंटी’ या नावाने निघाला. हमी पक्ष देत नाही, माणूस देतो. म्हणजे हमी मोडली तर जाब कोणाला विचारायचा, हाही प्रश्न निकालात निघतो. बाबासाहेबांनी १९४३ मध्ये वृत्तपत्रांविषयी जे म्हटले, ते दूरदर्शन वाहिन्यांना आणि हातातल्या फोनला शतपटीने लागू आहे.

महाराष्ट्रात २०२२ मध्ये शिवसेना फुटली. खरी शिवसेना कोणती, हे निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरविले तेव्हा पक्षाच्या घटनेच्या कसोटीवर विसंबता येत नाही, कारण ती लोकशाहीला धरून नाही, असे आयोगाचे म्हणणे पडले. मग निवडून आलेल्या सदस्यांची डोकी मोजली गेली. निकाल बरोबर की चूक, यात मी जात नाही. एका माणसाच्या शब्दावर चालणारा पक्ष भांडणाच्या दिवशी आपल्या मालकीचा कागदसुद्धा दाखवू शकत नाही, एवढे आपण ध्यानात घ्यावे. त्या पक्षाला पैसा होता, सत्ता होती. आपल्यापाशी तेवढेही नाही.

६

भगवान बुद्धांनी महापरिनिर्वाणापूर्वी वारस नेमला नाही. धम्म हाच तुमचा शास्ता, असे त्यांनी सांगितले. ३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या महार परिषदेत ‘मुक्ती कोण पथे?’ हे भाषण संपविताना बाबासाहेबांनी आनंदाला केलेला तोच उपदेश लोकांपुढे ठेवला: स्वतःच दीप व्हा, दुसऱ्या कोणाचा आसरा शोधू नका. आपल्या समाजाचा सर्वांत मोठा नेता आपल्या लोकांना नेत्यावर विसंबू नका, असे सांगत होता. आणि १९४९ च्या त्याच भाषणात त्यांनी आठवण दिली की भिक्खुसंघांना संसदेची रीत ठाऊक होती. बसण्याची जागा, ठराव मांडण्याचा नियम, गणसंख्या, शलाकांनी मतदान, गुप्त मतदान, हे सारे संघात होते.

याचा अर्थ आपण काय घेतला? बुद्धविहारात आपण वंदना म्हणतो. त्याच विहाराच्या कमिटीची निवडणूक शेवटची कधी झाली, हे आठवून पाहावे. जयंतीची वर्गणी गोळा होते. तिचा हिशेब भिंतीवर लागतो का? तरुण मंडळाचे इतिवृत्त कोणी लिहिते का? अध्यक्षाच्या विरुद्ध मत देऊन दुसऱ्या दिवशी त्याच मंडळात मानाने बसता येते का? नेत्यांच्या नावाने गट पडतात म्हणून आपण हळहळतो, पण ज्या वस्तीत सभासदांची वही नाही, हिशेब नाही, मतदान नाही, त्या वस्तीतून गटाखेरीज दुसरे काय उगवणार?

हे काम कंटाळवाणे आहे. त्यात टाळ्या नाहीत, फलकावर फोटो नाही. शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने ते हाती घेतले पाहिजे, कारण लिहिता-वाचता येण्याचा पहिला उपयोग चळवळीला हाच आहे. नेता असावा, त्याचा आदर असावा. पण त्याला सभेत उभे राहून प्रश्न विचारण्याची आणि गरज पडल्यास मत टाकून खाली बसविण्याची रीत ज्या चळवळीत नाही, तिला बाबासाहेबांची म्हणणे कठीण आहे. येत्या २५ नोव्हेंबरला त्यांचे ते भाषण प्रत्येक वस्तीत वाचले जावे. आणि या वेळी दुसरा इशारा वगळू नये.